वाचकांचे प्रश्न : सैनिकाच्या फुप्फुसातला धूर आणि संशोधनाचा पैसा

गेल्या अंकात मी अमेरिकी सैन्याच्या तळांवरचे कचरा जाळायचे खड्डे आणि त्या धुरातून परतलेल्या सैनिकांचे आजार यांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. माझी ओळख नव्या वाचकांसाठी एवढीच: शिक्षण मिरजेत झालं, नोकरीची बहुतेक वर्षं अमेरिकेत गेली, आणि काम फुप्फुसाच्या बायोप्सीच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

माझा जावई अमेरिकेच्या सैन्यात होता. २००७ मध्ये तो इराकमध्ये बलादच्या तळावर होता. जाण्यापूर्वी लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचा. आता दोन जिने चढला की पायरीवर बसतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ, फुंकर मारायची तपासणी नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, मनावरचा ताण आहे. सरकारनं कायदा केला, संशोधनाला पैसा दिला असं वाचते. मग साधं निदान का होत नाही? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, तुमच्या जावयांना नेमकं काय झालंय ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण दोन तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून फुप्फुस धडधाकट आहे असं धरून चालणं चुकीचं आहे, हे नक्की सांगते.

बलादचा खड्डा सुमारे दहा एकरांवर पसरलेला होता. प्लॅस्टिक, थर्मोकोल, रंगाचे डबे, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा, सगळं त्यात पडायचं आणि विमानाचं इंधन ओतून पेटवलं जायचं. तो धूर झोपायच्या बराकींवरून जायचा. त्यातले बारीक कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या श्वासवाहिन्यांपर्यंत पोचतात. या वाहिन्यांची जाडी दोन मिलिमीटरहून कमी असते. स्पायरोमेट्रीत, म्हणजे त्या फुंकरीच्या तपासणीत, मुख्यतः मोठ्या वाहिन्यांचा अडथळा पकडला जातो. बारीक वाहिन्या संख्येनं इतक्या असतात की त्यांतल्या बऱ्याचशा निकामी झाल्या तरी आकडा नॉर्मलच्या हद्दीत राहू शकतो. आणि पूर्वी धावणाऱ्या माणसाचा मूळ आकडा सरासरीपेक्षा वर असतो. तो पुष्कळ खाली येऊनही ‘नॉर्मल’ दिसतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे समोर आलं ते व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉ. रॉबर्ट मिलर यांच्यामुळे. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलचे सैनिक त्यांच्याकडे तपासायला येत. त्यांतले पुष्कळजण २००३ साली मोसुलजवळच्या मिश्राक इथल्या गंधकाच्या कारखान्याच्या आगीच्या धुरात सापडलेले होते. ८० जणांची तपासणी झाली, त्यांपैकी ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून पाहिला, आणि ३८ जणांमध्ये कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिस निघाला. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं. काचेवर तो कसा दिसतो ते सांगते, कारण त्याशिवाय धाप का लागते ते कळणार नाही. निरोगी वाहिनीच्या मधोमध मोकळी गोल वाट असते. इथे वाहिनीच्या भिंतीच्या आतून व्रणाचा थर चढत जातो आणि वाट आक्रसते. आजूबाजूला काळपट कण साचलेले असतात. हा व्रण छातीच्या एक्स-रेमध्ये उमटत नाही.

खरी अडचण पुढे आहे. ती काच माझ्यासारखीच्या टेबलावर यायची तर माणसाला भूल देऊन, छातीत छिद्रं पाडून, फुप्फुसाचा तुकडा कापावा लागतो. एवढं करून निदान झालं तरी तो व्रण विरघळवणारं औषध हाताशी नाही. म्हणून पुष्कळ डॉक्टर बायोप्सीला तयार होत नाहीत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण त्यामुळे आजार कागदावर येतच नाही. २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं हा आजार सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायच्या यादीत घातला आहे. सैनिकानं ‘मला हा त्या खड्ड्यामुळे झाला’ हे सिद्ध करायची गरज उरली नाही. मात्र ‘मला हा झाला आहे’ हे तरी दाखवावंच लागतं, आणि तिथेच तुमचे जावई अडले असतील.

म्हणून मी गेल्या लेखात म्हटलं होतं की संशोधनाच्या पैशातला मोठा वाटा या मधल्या टप्प्यावर खर्च व्हावा. छाती न उघडता बारीक वाहिन्या तपासायच्या पद्धती आहेत. झेनॉन वायू हुंगवून एमआरआय काढला की फुप्फुसात हवा कुठे पोचत नाही ते दिसतं. ऑसिलोमेट्रीत रुग्णानं नेहमीसारखा श्वास घेत राहायचा. यंत्र हवेच्या कंपनांवरून अडथळा मोजतं. पण या आजाराच्या निदानासाठी दोन्ही अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत. कुठल्याही गावच्या डॉक्टरनं विश्वासानं वापराव्यात इतका पक्का पुरावा गोळा करायला शेकडो सैनिक, अनेक वर्षं आणि सलग पैसा लागतो.

तुम्ही न्यू जर्सीत आहात हे एक बरं झालं. माजी सैनिक खात्याचं, म्हणजे व्हीएचं, हवेतल्या घातक द्रव्यांसाठीचं खास केंद्र तुमच्याच राज्यात ईस्ट ऑरेंजला आहे. जावयांनी व्हीएतल्या आपल्या डॉक्टरांकडे त्या केंद्राचा सल्ला मागावा. सैन्यात जाण्यापूर्वीच्या धावण्याच्या वेळा, जुने वैद्यकीय अहवाल, जे सापडेल ते बरोबर न्यावं. आजचा आकडा इतर लोकांच्या सरासरीशी ताडण्यापेक्षा त्यांच्याच जुन्या आकड्याशी ताडणं जास्त खरं बोलतं.

मी पुण्यात पीएचडी करतोय. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा उंदरांच्या मेंदूवर होणारा परिणाम हा माझा विषय. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘ट्रान्सलेशनल’ अनुदानाबद्दल तुम्ही लिहिलंत. ते कोण देतं, आणि माझ्यासारख्या कामाला तिथे जागा आहे का? (एक संशोधक विद्यार्थी, पुणे)

ट्रान्सलेशनल म्हणजे प्रयोगशाळेतलं ज्ञान रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणारं संशोधन. या अनुदानांची सुरुवात स्तनाच्या कर्करोगापासून झाली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या रुग्ण स्त्रियांनी संसदेवर दबाव आणला, आणि संशोधनाचा पैसा सैन्याच्या अंदाजपत्रकातून मंजूर झाला. त्यातून १९९२ साली संसदेच्या निर्देशानं चालणारे वैद्यकीय संशोधन कार्यक्रम उभे राहिले. त्यांचं कार्यालय मेरीलँडमध्ये फोर्ट डेट्रिकला आहे. २००६ पासून त्यात आखाती युद्धाच्या आजाराचा, म्हणजे १९९१ च्या त्या युद्धातून परतलेल्या सैनिकांना जडलेल्या दुखण्याचा, वेगळा कार्यक्रम होता. २०२२ साली विषारी संपर्काचा व्यापक कार्यक्रम सुरू झाला आणि आखाती आजार त्याचा एक भाग झाला. पहिल्या वर्षी तीन कोटी डॉलर मिळाले. विषय चार आहेत: मज्जासंस्थेला घातक द्रव्यं, आखाती युद्धाचा आजार, हवेतली द्रव्यं व जळते खड्डे, आणि बाकीचे सगळे संपर्क. त्या ‘बाकीच्यां’मध्ये कीटकनाशकं येतात, औद्योगिक रसायनं येतात, धातू येतात, आणि संरक्षण म्हणून सैनिकांना दिलेली औषधंसुद्धा येतात. परदेशी संस्थांनाही अर्ज करता येतो. मात्र अर्ज संस्थेच्या नावानं जातो. आधी पूर्वप्रस्ताव, मग बोलावणं आलं तर पूर्ण प्रस्ताव.

तुमच्या कामाला जागा आहे का? विषयाच्या दृष्टीनं आहेच. १९९१ च्या आखाती युद्धात सैनिकांना सोमन या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या वायूपासून वाचवण्यासाठी पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या गेल्या, दर आठ तासांनी एक. सुमारे अडीच लाख सैनिकांनी त्या घेतल्या असा अंदाज आहे. शिवाय कीटक दूर ठेवायला अंगाला डीट, गणवेशाला परमेथ्रिन, तंबूत ऑर्गॅनोफॉस्फेटची फवारणी. गोळ्या, सोमन आणि त्याच जातीचा सारिन वायू, आणि तुमची कीटकनाशकंसुद्धा, शरीरातल्या एकाच एन्झाइमला गाठतात, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजला. २००८ साली सरकारनंच नेमलेल्या सल्लागार समितीनं या गोळ्या आणि कीटकनाशकं यांचा आखाती आजाराशी कार्यकारण संबंध असल्याचा निष्कर्ष काढला.

पण ‘उंदराला द्रव्य दिलं, मेंदूला सूज आली’ एवढ्यावर ट्रान्सलेशनल अनुदान मिळत नाही. ती पायरी चढून झालेली असावी लागते. पुढचा प्रश्न काय, ते टेक्सासमधले डॉ. रॉबर्ट हेली यांच्या २०२२ च्या अभ्यासावरून कळेल. पीओएन१ या जनुकाचे दोन प्रकार आहेत, क्यू आणि आर. क्यूपासून बनणारं एन्झाइम सारिनचे तुकडे झपाट्यानं करतं, आरपासून बनणारं मंदपणे. हेलींनी १,०१६ माजी सैनिक घेतले, निम्मे आजारी, निम्मे निरोगी. रासायनिक हल्ल्याचे भोंगे ऐकल्याचं सांगणाऱ्या, म्हणजे सारिनच्या टापूत असण्याची शक्यता असलेल्या सैनिकांमध्ये, ज्यांच्याकडे आर-आर जोडी होती त्यांना आजाराची शक्यता जवळजवळ नऊपट वाढलेली आढळली. क्यू-क्यू जोडीवाल्यांत ती पावणेचारपट होती. एकाच तंबूतले दोघं, एक आजारी पडला आणि दुसरा नाही, याचं उत्तर इतक्या वर्षांनी हाती आलं. आता त्यावरून आजारी माणसाच्या रक्तात आज काय मोजता येईल आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे शोधणाऱ्याला ट्रान्सलेशनल पैसा मिळायला हवा.

तेव्हा तुमच्या उंदरांबद्दल दोन गोष्टी विचारते. द्रव्य देऊन किती काळानं तुम्ही मेंदू तपासता? त्या युद्धातले सैनिक आज साठीच्या आसपास आहेत. तरुण उंदरात आठवड्याभरानं दिसलेली सूज त्यांच्याबद्दल फार सांगत नाही. म्हातारपणापर्यंत उंदीर सांभाळणं महाग पडतं, तरी ते करायला हवं. आणि उंदरात तुम्ही जे मोजता ते माणसाच्या रक्तात मोजता येतं का? येत असेल तर तुम्ही अर्ध्या वाटेवर आहात.

तुम्हाला माणसाचे नमुने शोधायला फोर्ट डेट्रिकपर्यंत जायची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट होती. जे वाचले त्यांच्या स्मरणशक्तीचं, झोपेचं, हातापायांच्या मुंग्यांचं पुढे काय झालं, हे कुणीतरी वर्षानुवर्षं पाहायला हवं. ते काम तुमच्या प्रयोगशाळेतून एका रात्रीच्या बसवर आहे.

एक शेवटची गोष्ट, कारण ती नव्या माणसाला ठाऊक नसते. या कार्यक्रमांत प्रस्तावाची छाननी शास्त्रज्ञ एकटे करत नाहीत. आजार भोगलेले माजी सैनिक त्याच टेबलाशी बसतात आणि त्यांच्या मताचं वजन शास्त्रज्ञाच्या मताइतकंच असतं. मी संशोधन अनुदानांच्या छाननीत परीक्षक म्हणून बसले आहे. तिथलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून कुठली योजना, कुठला प्रस्ताव ते सांगत नाही. एका चाचणीत रुग्णांनी आठवड्यातून तीनदा सकाळी रिकाम्या पोटी यायचं होतं. आम्ही सगळे आकडेवारीच्या पद्धतीवर बोलत होतो. रुग्ण प्रतिनिधी म्हणाले, “या आजाराचा माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही. तुमच्याकडे येतील ते सगळ्यांत कमी आजारी असतील.” त्या एका वाक्यानं त्या प्रस्तावातला खरा दोष उघडा पडला. तुम्ही अर्ज लिहिण्यापूर्वी अशा दोन-तीन माणसांशी बोला.

मी सैन्यातून निवृत्त आहे. आमच्या घरातले पूर्वज पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले. अमेरिका आपल्या सैनिकांसाठी खर्च करते, चांगलं आहे. पण हे सगळं मराठी मासिकात कशासाठी? (एक निवृत्त सुभेदार, सातारा)

सुभेदारसाहेब, तुमच्या पूर्वजांनी ज्या मुलखात लढाई केली त्याच मुलखाची ही गोष्ट आहे. १९१५-१६ मध्ये कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, ते कूत बगदादच्या आग्नेयेला आहे. आणि विषारी संपर्काची गोष्ट हिंदी शिपायालाही नवी नाही. १९३० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग सुरू केले, आणि ते दहा वर्षांहून जास्त चालले. काहीजण इतके भाजले की दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांच्या तब्येतीचा पुढे कुणी माग ठेवला नाही.

अमेरिकेनंही दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६० हजार स्वतःच्या सैनिकांवर अशा रासायनिक चाचण्या केल्या आणि त्यांना गप्प राहायला सांगितलं. १९९३ साली तिथल्या वैद्यक संस्थेनं चौकशी अहवाल दिला तोवर ती माणसं म्हातारी झाली होती, कित्येक गेली होती. ज्या ज्ञानामुळे पुढच्यांवर उपचार झाले असते ते नोंदींअभावी बुडालं. आज तिथे सैनिकांच्या रक्ताचे नमुने दशकानुदशकं साठवले जातात, आणि कोण कुठल्या तळावर, कुठल्या हवेत होता याचं वैयक्तिक नोंदपुस्तक ठेवायचा प्रयत्न चालू आहे. आपल्याकडे मी हेच मागेन.

कायद्याच्या बाजूनं आपण मागे नाही, हेही सांगते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात ठरवलं, की भरतीच्या वेळी जो आजार नोंदला नव्हता तो पुढे आढळून त्यापायी सेवा सोडावी लागली, तर तो सेवेमुळे झाला असं मानलं जाईल. तसं नसल्याचं दाखवायची जबाबदारी सरकारची. पण निकालानं पेन्शन मिळते. रणगाड्याच्या धुरानं, दारूगोळ्याच्या डेपोतल्या वाफांनी, सीमेवर बंद तंबूत जाळलेल्या रॉकेलच्या शेगडीनं आपल्या जवानांच्या फुप्फुसाचं नेमकं काय होतं, हे शोधायला संशोधनच लागतं. पुण्यात एएफएमसीसारखी, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयासारखी, संस्था आहे, सैनिकांची शिस्तबद्ध आरोग्यपत्रकं आहेत. माजी सैनिकांच्या संघटनांनी पेन्शनच्या मागणीशेजारी ही मागणीही लिहावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या शब्दाला तिथे माझ्यापेक्षा जास्त वजन आहे.

आयुष्यभर हिशेब तपासले, म्हणून विचारतो. आखाती युद्धाला तीस वर्षं उलटली, दरवर्षी पैसा ओतला, तरी औषध नाही. हा खर्च वाया गेला असं का म्हणू नये? (एक निवृत्त लेखापाल, मुंबई)

हिशेब मांडूच. त्या युद्धात अमेरिकेचे सुमारे सात लाख सैनिक गेले. त्यांतल्या पाव ते एक तृतीयांश लोकांना हा आजार जडला: थकवा, सांधेदुखी, विसराळूपण, पोटाचे त्रास, न लागणारी झोप. म्हणजे दोन लाख माणसं आपण हिशेबात धरली पाहिजेत. त्यांच्यासमोर वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर ठेवा. माणशी शे-दीडशे डॉलर होतात.

उशीर का झाला, तेही लिहा. पहिली कितीतरी वर्षं हा मनाचा आजार समजून पैसा ताणतणावाच्या अभ्यासावर गेला. मार्च १९९१ मध्ये इराकमधल्या खमिसिया इथले शस्त्रसाठे अमेरिकी सैनिकांनी उडवले, त्यांत सारिनचे रॉकेट होते. संरक्षण खात्यानं हे मान्य केलं १९९६ मध्ये. जवळपास एक लाख सैनिकांना ‘तुम्ही त्या ढगाच्या टापूत असू शकता’ अशी पत्रं त्यानंतर गेली. कारणच दडलेलं असताना संशोधक काय शोधणार? तो काळ माझ्या मते वाया गेला, आणि त्याचा दोष संशोधनाच्या माथी मारता येणार नाही.

तुमच्या शंकेत मला पटणारा भागही आहे. उपचारांच्या चाचण्या फार लहान झाल्या. कोएन्झाइम क्यू१० ची सॅन दिएगोतली चाचणी घ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. ४६ सैनिक. काहींना शारीरिक हालचालीत फरक जाणवला. आशादायक म्हणावी अशी चाचणी, पण ४६ माणसांवरून कुणी दोन लाखांना गोळी लिहून देत नाही. मोठ्या चाचणीपर्यंत जाताजाता वर्षं निघून जातात, कारण पैसा दरवर्षी नव्यानं मंजूर होतो. २०२५ साली या सगळ्या वैद्यकीय कार्यक्रमांची एकूण रक्कम सुमारे दीडशे कोटी डॉलरवरून ६५ कोटींवर आली. चार वर्षांची चाचणी हाती घेतलेल्या माणसानं रुग्णांना काय सांगायचं? प्रशिक्षित तंत्रज्ञ अशा वेळी सोडून जातात, साठवलेले नमुने फ्रीजरमध्ये पडून राहतात. मोठ्या उपचार चाचण्यांना पाच वर्षांचा पैसा सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा, आणि एकूण रकमेतला ठरावीक हिस्सा रुग्णापर्यंत पोचणाऱ्या कामालाच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यासारख्या हिशेबनीसानं हा ताळेबंद तपासला तर तोही वर्षावर्षाला तुटणारी ही पद्धतच लाल शाईनं अधोरेखित करील.

माझे पती अमेरिकन आहेत, १९९१ च्या युद्धात होते. मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी द्यायचा असं त्यांनी ठरवलंय. माझ्या कोल्हापूरच्या माहेरच्यांना ते पटत नाही. अंत्यसंस्कार अपुरे राहतील म्हणतात. काय करू? (एक वाचक, ह्यूस्टन)

त्यांचा निर्णय मोलाचा आहे. आखाती आजारात मेंदूत काय बदलतं हे जिवंतपणी स्कॅनवर अंधूक दिसतं. पेशींच्या पातळीवर बघायला दान केलेला मेंदूच लागतो. व्हीएकडे त्या काळातल्या सैनिकांसाठी खास मेंदूपेढी आहे. नोंदणी सैनिकानं हयातीतच करायची असते, आणि त्याच्या तब्येतीची माहिती अधूनमधून भरून द्यायची असते. ही माहिती नसेल तर मेंदूचा उपयोग बराच कमी होतो, म्हणून नोंदणी पुढे ढकलू नका.

माहेरच्यांना सांगा की मेंदू काढल्यावर पार्थिव कुटुंबाकडे परत मिळतं. चेहरा तसाच राहतो, अंत्यदर्शन होतं, अग्निसंस्कार होतो. नेत्रदान आणि देहदान कोल्हापुरात घरोघरी ठाऊक आहेच; देहदानात पार्थिव परत येत नाही, इथे येतं. नोंदणीचे कागद घरात समोर दिसतील अशा जागी ठेवा आणि पेढीचा फोन नंबर मुलांच्या मोबाइलमध्येही घाला, कारण मृत्यूनंतर काही तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि त्या वेळी तुम्ही स्वतः फोन करण्याच्या स्थितीत असालच असं नाही.